आईचा व्हिसा

हे मी दादाला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते – तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

बाबा गेल्यावर आई दादाकडे नाशिकला न जाता माझ्याकडे आली, दुबईला, अल कुसैसच्या माझ्या फ्लॅटमध्ये. मी चाळिशीची, एकटी. लहानपणापासून तिचा सगळा जीव दादावर. आता ती माझी होती – फक्त माझी. ऑफिसातून आले की दार उघडायला कुणीतरी होतं. कळतंय ना, मला काय वाटत असेल?

आमच्या बिल्डिंगखाली हमीदभाईंचं शिंप्याचं दुकान. रत्नागिरीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आई ब्लाउज शिवायला गेली आणि तिला आपल्या चिपळूणकडची भाषा बोलणारा माणूस सापडला. मग रोजच जायला लागली, डब्यात बांगड्याचं तिखलं घेऊन. दार आता मीच माझ्या किल्लीनं उघडायचे.

एकदा तिला बोलवायला खाली गेले. ती स्टुलावर बसून हुक लावत होती. मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "सुमन, दोरा दे."

सुमन! बाबांनी तिला जन्मभर 'अगं' म्हटलं. आणि तिनं दातांनी दोरा तोडून दिला – इतक्या सहज. मी तिला न बोलवताच वर आले.

महिन्याभरानं तिनंच विचारलं, "हमीदभाईंशी लग्न केलं तर तुला चालेल का गं? दादा तोंड बघायचा नाही माझं. पण तू हो म्हणालीस तर करीन."

"बघू," मी म्हणाले.

तिचा व्हिसा माझ्या स्पॉन्सरशिपवर होता, दरवर्षी रिन्यू करायचा. त्या वर्षी मी व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या दारापर्यंत गेले – आत गेलेच नाही. घरी येऊन सांगितलं, "रिजेक्ट झाला. नियम बदललेत. खलास."

तिनं माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "तू तरी काय करणार, बाय?"

दादाकडे जायला एअरपोर्टला निघताना ती दुकानात गेली. मी टॅक्सीत बसून घड्याळ बघत होते.

घराण्याचं नाव, धर्म, दादा – हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. खोटं. हमीदभाई आमच्यातले असते तरी मी हेच केलं असतं. ती दादाकडे गेलेली मला चालली. त्यांची झालेली चालली नसती.

पुढे हमीदभाईंचा नाशिकला आईच्या मोबाइलवर फोन आला, तो दादानं घेतला. त्यानंतर आईकडे स्वतःचा फोन राहिला नाही. हमीदभाई अजून खालीच आहेत. "आई बऱ्या आहेत ना?" विचारतात. मी हो म्हणते आणि लिफ्टकडे वळते.

दादाच्या फोनवर आई दर दोन-तीन महिन्यांनी विचारायची, "नियम बदलले का गं?"

"नाही, आई."

या वर्षी तिनं एकदाही विचारलं नाही. नियम कधी बदललेच नव्हते, हे मीही सांगितलं नाही.