खुंटीवरची करडगी

चनबसप्पानं विजेपुढं गळ्यातलं लिंग उतरवलं आणि खुंटीला टांगलं, अशी कुजबुज चौतीस सालच्या चैत्रात सोलापुरात उठली. मिलच्या फाटकावर उठली तेव्हा एवढीच होती. बाळीवेशीत पोचेपर्यंत तिला हातपाय फुटले. विजेनं म्हणे आधी निवद मागितला, मग देव मागितला. कुणी म्हणालं, साहेबानं त्याला कोंबडी चारली. ज्यानं जन्मात अंड्याचं टरफल पाहिलं नाही, त्याला कोंबडी! पण अफवा काही उपाशीपोटी चालत नाही. प्रत्येक ओसरीवर घास घेतच पुढं जाते.

दुसऱ्या कुणाबद्दल असती तर लोकांनी हसून सोडली असती. पण लिंगायताच्या गळ्यात लहानपणी बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावेगळं होत नाही. अंघोळीला नाही, झोपेत नाही. मातीत ठेवतात तेव्हाही ते सोबत जातं. चनबसप्पाचं लिंग चांदीच्या सुपारीएवढ्या डबीत असे. त्या डबीला करडगी म्हणतात. सासऱ्यानं लग्नात दिलेली, चांदीच्या साखळीत ओवलेली करडगी. ती सदऱ्याबाहेर झळकवत चालायची त्याला भारी हौस. बायको काशम्मा म्हणायची, "देव आत घाला की हो, चांदी बाहेर कशाला?" तर हा गालात हसायचा.

त्यात गुरम्माची सोयरीक ऐन रंगात आलेली. गुरम्मा म्हणजे थोरली लेक. मुलाचा बाप अक्कलकोटचा सिद्धप्पा, सोवळा इतका की दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा चौकशी करून प्यायचा. हे घडलं त्या दिवशी दुपारी तो तारीख ठरवायला मिलवरच येणार होता. चनबसप्पा सकाळपासून तेच घोकत होता. दुपारपर्यंत काम उरकायचं, तोंड धुवायचं, पावण्याला घरी न्यायचं. लेकीचं नशीब एका दुपारवर येऊन थांबलं होतं.

काम होतं टेलिफोनचं. मिलनं स्वतःचं एक्स्चेंज घेतलं होतं. माणसाएवढं उंच लोखंडी घोडं, त्यावर ओळीनं बसवलेली यंत्रं, आणि शेजारी लाकडी फळीवर तेजाबानं भरलेल्या काचेच्या बरण्या. या बरण्या म्हणजेच बॅटरी. त्यांच्या तारा घोड्याला जोडायच्या होत्या. चनबसप्पा मिलचा वायरमन, आणि डोक्यावर उभा फोरमन मानसिंगराव. दोघांची मैत्री अशी की एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

"अप्पा, आधी काय?" मानसिंगरावनं विचारलं.

"आधी जमीन," चनबसप्पा म्हणाला. "घोडं जमिनीला बांधल्याबिगर त्याच्या अंगाला हात लावायचा न्हाय."

अंगणात मीठ आणि कोळसा घालून तांब्याचा पत्रा पुरला होता. त्याची जाड तार घोड्याला आवळली. मग बॅटरीची धन तार कुठली ते पाहायला त्यानं कापलेल्या बटाट्यात दोन्ही टोकं खुपसली. एका टोकाभोवती हिरवा डाग उमटला. ती धन. ती घोड्याला बांधली, म्हणजे जमिनीलाच बांधली. खिडकीतून येडू शिपाई बघत होता. बटाटा पाहून तो म्हणाला, "विजेला निवद दावताय व्हय?"

"दावतोय की. तू जाऊन बस पंगतीला," मानसिंगराव म्हणाला.

उरली ऋण तार, बरण्यांवरच्या उघड्या पट्टीला आवळायची. ती सगळ्यात शेवटी. चनबसप्पाला सबंध कामात हाच एक क्षण नको वाटायचा. गिरणीतली दुसरी वीज बटण दाबलं की गप्प होते. बॅटरीला बटण नाही. बरण्या भरलेल्या, म्हणजे ती जागीच. हाताला झटका देत नाही म्हणून माणूस तिला गरीब समजतो; पण ऋण पट्टी आणि घोडं यांच्यात लोखंडाचा तुकडा आडवा पडला, तर तो डोळ्यांदेखत वितळतो. त्यात बरण्या भरताना निघालेला वायू खोलीत. एखादी मोठी ठिणगी पुरे, खोलीच उडायची. म्हणून पान्याला मुठीपासून टोकापर्यंत रबर गुंडाळलं होतं, हातातली अंगठी काढली होती, करडगी सदऱ्याच्या आत घातली होती.

तो बरण्यांवर वाकला. घोडं आणि फळी यांच्यात मान जेमतेम मावत होती. तार पट्टीवर बसली, नट दोन आटे फिरला. घामानं सदरा सैल झाला होता. करडगी सदऱ्याच्या गळ्यातून घसरली, लोंबली, आणि पट्टीवर टेकली. साखळी वर घोड्याच्या लोखंडाला लागली.

पांढरा निळा जाळ उठला; वायू पेटला नाही, हे नशीब. साखळीची कडी वितळून तुटली, मानेला चटका बसला, आणि करडगी सुटली. खाली तेजाबाची उघडी बरणी! चनबसप्पानं पाना सोडला नाही. डावा हात मात्र आपसूक पुढं गेला आणि करडगी मुठीत आली.

मानसिंगरावचा चेहरा चुन्यासारखा झाला. "खिडक्या उघड! वारा येऊ दे आत!" मग आवाज चढवून म्हणाला, "अप्पा, ते घरी पाठवून दे. येडू नेईल."

"लिंग घरी आणि मी हितं? त्यापरीस मान काढून ठेवतो की, फोरमनसाहेब."

"मान राहिली तर काढशील ना! मग बाजूला हो, मी आवळतो."

"तुमचं पोट त्या फटीत जाईल व्हय?"

खरंच गेलं नसतं. मानसिंगरावच्या पोटाची कीर्ती बार्शीपर्यंत होती. आणि नट तसाच ढिला सोडणं म्हणजे ठिणगीला आवतण देणं. चनबसप्पा मुठीकडं बघत उभा राहिला. शेवटी त्यानं दाराकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं, खांद्यावरचा धुतलेला पंचा ओढला आणि पुटपुटत काहीतरी केलं. फिरला तेव्हा करडगी भिंतीच्या लाकडी खुंटीवर लटकत होती, तुटकी साखळी गाठ मारून.

येडूनं एवढंच पाहिलं. आणि येडूला एवढं पुरत असे. चहाच्या टपरीवर तो पोचला तेव्हा तिथं सिद्धप्पा छत्री टेकून व्याह्याची वाट बघत बसला होता.

"पावणं, कुणाकडं?"

"वायरमन चनबसप्पाकडं. सोयरीक हाय."

"अरारा!" येडू म्हणाला. पुढं काय म्हणाला ते सांगायला नकोच.

सिद्धप्पाची छत्री खोलीच्या दारावर आपटली तेव्हा चनबसप्पा पुन्हा फटीत शिरला होता. पाना नटावर, नट अर्ध्यावर. आता हात हलवायचा नाही, मान वळवायची नाही.

"अय्यो शिवा! चनबसप्पा!" सिद्धप्पाला खुंटीवरची करडगी दिसली. "म्हंजे खरं हाय! माझ्या पोराला बाटग्याची लेक?"

"अण्णा, बाहेर थांबा. हे एवढं..."

"थांबू? देव खुंटीला आणि तू लोखंडाच्या पाया पडतोस? चल बाहेर, चार माणसांत बोल!" तो तरातरा आत आला. मानसिंगराव आडवा झाला, पण सिद्धप्पा कुस्ती खेळलेला, बगलेखालून निसटला. त्यानं चनबसप्पाचा खांदा धरला आणि तोंड बघायला तोही बरण्यांवर वाकला. त्याच्या कोटावर त्याची स्वतःची करडगी होती, चनबसप्पाच्या दुप्पट, साखळीही दुप्पट जाड. ती कोटावरून सुटली आणि झुलत झुलत पट्टीकडं निघाली.

"निल्लु!" चनबसप्पा ओरडला. थांब! मराठी सुचलीच नाही. घरी पोरं चुलीकडं धावली की तोंडून निघतं तेच कानडी निघालं.

उजव्या हातात पाना. डाव्या हातानं त्यानं सिद्धप्पाची करडगी पट्टीच्या बोटभर वरच मुठीत धरली. "अण्णा, आता हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका."

सिद्धप्पा हलला नाही. त्याचा देव दुसऱ्याच्या मुठीत होता, आणि त्या मुठीखाली फुगे सोडणारं तेजाब. त्यानं तशाच वाकल्या अवस्थेत पाना फिरताना पाहिला, एक आटा, अजून एक. नट कुरकुरला आणि घट्ट बसला. त्याचं नाक चनबसप्पाच्या गळ्याला जवळजवळ टेकलं होतं. मानेवरचा लाल चटका त्याला दिसला. त्याच्याखाली काय होतं, तेही दिसलं.

चनबसप्पानं हळूच त्याला मागं सारलं, त्याची करडगी त्याच्या कोटात घातली आणि वरचं बटण लावलं. मग मानसिंगरावनं फ्यूज बसवला. घोड्यावर खटाखट आवाज झाला आणि कोपऱ्यातल्या टेलिफोनची घंटा वाजली.

"पावणं," मानसिंगराव कपाळ पुसत म्हणाला, "पहिला टेलिफोन तुमचाच. घ्या, कळवा कुणाला कळवायचं ते."

सिद्धप्पानं टेलिफोनला हात लावला नाही. तो खुंटीपाशी गेला. करडगी उतरवली, उघडली, आत पाहिलं आणि पुन्हा मिटली.

"तारीख वैशाखातली धरू," तो म्हणाला. "आणि व्याही, साखळी नवी करू नका. सुताचा दोराच बरा."

गुरम्मा वैशाखात अक्कलकोटला गेली. अफवा मात्र सोलापुरातच राहिली, आणि येडूनं ती पुढं कितीतरी वर्षं पोसली.

करडगी रिकामी होती. लिंग पंच्याच्या चिंधीत बांधून चनबसप्पाच्या गळ्यातच होतं.