बोटांच्या मापाचा बॉल

पिना पाडायच्या एका जड बोलिंग बॉलसाठी तुम्ही किती मोजाल? अंधेरीच्या मॉलमध्ये आमच्यासोबत खेळणारा एक गृहस्थ महिन्याचा अख्खा पगार मोजतो. बॉल दरवर्षी महागतात, तरी तो दरवर्षी नवा घेतो, त्याला स्वतःच्या बोटांच्या मापाची भोकं पाडून घेतो आणि तान्ह्या बाळासारखा पुसत बसतो.

परवा त्याचा बॉल, टाकलेले बॉल परत आणणाऱ्या यंत्रात अडकला. तिथला मेकॅनिक यंत्राच्या बटणाकडे वळला, तसा हा खेकसला, "बंद कशाला करतोस रे? काढ ना पटकन!"

चालू यंत्रात मेकॅनिकची दोन बोटं चिरडली. याने आधी बॉलवर ओरखडा आहे का ते पाहिलं. उपचारांसाठी आम्ही वर्गणी मागितली, तर म्हणाला, "यार, बॉल केवढे महागलेत!"

तुमचा बॉल अडकला, तर आधी यंत्र बंद करायला लावा. डाव गेला तर जाऊ द्या.