शांताक्काचे मालक बघतात

येरमाळ्यात नव्या माणसानं शांताक्काला विचारलं, "मालक काय करतात?" तर ती कढईतलं उलथनं न थांबवता म्हणायची, "बघतात."

विचारणारा घोटाळ्यात पडायचा. काय बघतात? शेती बघतात, का दुकान बघतात?

"न्हाय न्हाय. नुसतं बघतात. मुंबईला. त्याचा पगार मिळतोय त्येंला."

एवढं बोलून ती कढईकडं वळायची. विषय संपला.

तिचा सासरा कल्याणप्पा खव्यासाठी नावाजलेला. येडेश्वरीच्या जत्रेत पेढेवाले दुसऱ्या कुणाचा खवा घ्यायचे नाहीत. त्याला एकच पोरगा, महालिंगप्पा. बापानं त्याला भट्टीवर बसवलं की हमखास खवा लागायचा. पोरगा उलथनं हातात धरून वर बघत बसलेला असायचा. माळवदाला धूर जायला भोक ठेवलेलं होतं, त्यातून उन्हाचा पट्टा आत उतरायचा आणि त्यात धूर कसा कसा वळतो ते बघण्यात त्याचं भान जायचं. कल्याणप्पानं त्याला बदडलं, उपाशी ठेवलं आणि सगळं करून थकल्यावर त्याचं लग्न लावलं. आपल्या पोराला जे जमणार नाही ते सुनेला जमेल, असा त्याचा हिशोब. तो बरोबर निघाला. वर्षभरात शांताक्काचा हात असा बसला, की म्हातारा निवांत डोळे मिटून गेला.

आता महालिंगप्पा धुराऐवजी बायकोकडं बघू लागला. ती भट्टीपाशी बसायची, डाव्या अंगाला जाळ. हा दारातल्या उंबऱ्यावर. तिला आधी बरं वाटलं. नवी नवरी, कुणाला बरं वाटणार नाही? पण दुधाची घागर उचलताना तिचा पाय मुरगळला, ती खाली बसली, कळवळली, तरी हा उंबऱ्यावरच. मान तिरकी करून बघतोय. त्या दिवशी तिच्या मनातून तो उतरला.

पुढच्या चैत्रात जत्रेत एक फोटोवाला आला. काळं फडकं डोक्यावर घेऊन तो नवस फेडणाऱ्यांच्या तसबिरी काढायचा. महालिंगप्पा जत्राभर त्याच्या मागं हिंडला. जत्रा उठली तसा "कोल्हापूरला जाऊन येतो, आठ दिवसांत परत," म्हणून पिशवी घेऊन निघाला, तो गेला. कोल्हापूरहून मुंबईला गेला म्हणे. मधल्या काळात आला तो फक्त कुणाकुणाच्या तोंडचा निरोप.

शांताक्का रडली नाही. भट्टी चालवली, भाड्याची बैलगाडी लावली आणि संस्थानाच्या सरहद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडून इंग्रजी मुलखातल्या बार्शीच्या बाजारापर्यंत खवा नेऊ लागली. तिला सोबत हसीनाबीची. हसीनाबीच्या तीन म्हशी होत्या, रोजचं दूध शांताक्काच्या कढईत पडायचं. तिचा नवरा वजीर देवळापाशी टांगा ठेवून असायचा. हसीनाबीला जगात दोन गोष्टी फार आवडायच्या. एक म्हैस, दुसरा सिनेमा.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावरच्या पहिल्या जत्रेत सिनेमाचा तंबू आला. पडद्यावर नावं पळायला लागली आणि शाळेतले रेवणसिद्ध मास्तर पुरुषांच्या बाजूनं उभेच राहिले. "छायाचित्रण, एम. लिंगप्पा! अहो, आपला महालिंगप्पा! कल्याणप्पाचा!" तंबूत कल्ला झाला. ज्यांनी त्याला गावभर येडा म्हणून हिणवलं होतं, तेच आता शिट्ट्या मारत होते. कनातीच्या अलीकडं बायकांत बसलेल्या शांताक्काकडं सगळ्या माना वळल्या. शांताक्कानं पदर सारखा केला आणि म्हणाली, "पुढं बघा. माझ्या तोंडावर काय सिनेमा लागलाय?"

सिनेमा एका दळण दळणाऱ्या बाईचा होता. हसीनाबी सुरुवातीपासूनच बुरख्याच्या टोकानं डोळे पुसत होती. शांताक्का मात्र ताठ. पडद्यावरची बाई जात्याशी बसली होती, उजेड एका अंगानं, खालून. निम्मा चेहरा लखलखीत, निम्मा काळोखात गेलेला.

"कित्ती खूबसूरत दिसती गं!" हसीनाबी म्हणाली.

"निम्मीच दिसती. सारा पडदा मोकळा पडलाय आन् बाईला निम्मं तोंड. मी भट्टीपाशी बसायची तेच हाय हे. माझं निम्मं तोंड मुंबईत नेऊन इकलंय ह्या माणसानं."

शेवटाकडं ती बाई घरातून निघून जाते. बाई गेली, पण पडदा हलला नाही. उघडं दार, उंबरा, पलीकडं रिकामी वाट. तसंच. तंबूतली पोरं ओरडायला लागली, "मशीन अडकलं! मशीन अडकलं!" घरी परत जाताना शांताक्का एवढंच म्हणाली, "बाई चालली जीव द्यायला आन् हे दार बघत बसलंय. उठून तिला धरावं, ते न्हाय."

खरं तर एवढा तिटकारा असता, तर तिनं पुन्हा सिनेमाचं तोंड बघितलं नसतं. पण तसं झालं नाही. बार्शीला खवा टाकला की ती हसीनाबीला म्हणायची, "कुठं लागलाय का त्येंचा, इचार." लागला असला, की दोघी दुपारच्या खेळाला जाऊन बसायच्या. त्याचा एकही सिनेमा तिनं चुकवला नाही. सिनेमाची नावं तिनं कधी ध्यानात ठेवली नाहीत, आपलीच ठेवली. विहिरीचा, कुंभाराचा, राणीचा, सावकाराचा. नट कोण, गाणं काय, कथेत कुणाचं कुणाशी जुळलं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती बघायची फक्त त्यानं काय बघितलंय ते. आणि बाहेर पडली की तासायला घ्यायची.

"आभाळ लई घेतंय ते ध्यान. माणूस खाली टिचभर, वर नुसतं आभाळ. का? आभाळ उलटून इचारत न्हाय ना, बाबा कुठं गेलतास."

"लढाईत फौज दावलीच न्हाय. नुसते पाय आन् फुफाटा. आन् लोक म्हणतात वाहवा! तोंडं दावायची तर तोंडाकडं बघाया लागतं."

"राणीला महालात बसवलं, एवढाल्या हंड्या-झुंबरं, तरी हिच्याबी निम्म्या तोंडावर काजळी."

हसीनाबी वैतागायची. "तुला आवडत न्हाय तर येती कशाला गं? माझं रडणंबी नीट होऊ देत न्हाईस."

"तू रड की. तुला कुणी अडवलंय? तू नटीसाठी रडती, मी माणसाकडं बघती."

कुंभाराच्या सिनेमात मात्र एक गंमत झाली. म्हातारा कुंभार चाकावर माती धरतो आणि ओल्या मातीवर उजेड नुसता फिरत राहतो. तेवढं संपेपर्यंत शांताक्काची जीभ हलली नाही. हसीनाबीनं कोपरानं ढोसलं, तर म्हणाली, "मातीचं बरं जमतंय त्येंला. मातीला काय दुखत न्हाय."

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात महालिंगप्पा येरमाळ्याला आला. मोटारीतून, डोळ्यांवर काळा चष्मा. रेवणसिद्ध मास्तरांनी मठात सत्कार ठेवला. ज्या लोकांनी कल्याणप्पाच्या तोंडावर त्याच्या पोराला बिनकामाचा म्हटलं होतं, त्यांनीच नारळ दिले, हार घातले आणि आपणच त्याला लहानपणी कसं ओळखलं होतं ते एकमेकांना सांगितलं. मास्तरांनी छायाप्रकाशावर भाषण केलं. ते कुणालाच कळलं नाही, त्यामुळं टाळ्या जोरात पडल्या. शांताक्का गेली नाही. तिची कढई भट्टीवर होती.

सत्कार उरकून तो घराकडं आला. बरोबर मास्तर आणि मागं निम्मं गाव. शांताक्कानं मास्तरांना तेवढं आत घेतलं आणि बाकीच्यांना म्हणाली, "इथं तिकीट न्हाय लावल्यालं. जावा घराला." हसीनाबी दुधाची घागर घेऊन भिंतीशी उभी होती. ती काही हलली नाही.

महालिंगप्पा उंबऱ्यावर थांबला. चष्मा काढला. "शांता, कशी हायेस?"

"बघून घ्या की. तेच काम हाय तुमचं."

मास्तर मधे पडले. "अक्का, अहो केवढं नाव झालंय त्यांचं! सगळ्या देशात त्यांच्यासारखा उजेड कुणी लावत नाही."

"म्या समदे बघितलेत मास्तर, तुमी किती बघितले?" शांताक्का म्हणाली. मास्तरांनी दोन बघितले होते. मग तिनं उलथनं चालवता चालवता एकेक सिनेमा काढला. विहिरीचा, राणीचा, सावकाराचा. आभाळ, पाय, फुफाटा. काही राखलं नाही. "आन् निम्मं तोंड! आठ सिनेमांत आठ बाया, पर एकीला सरळ समोरून बघायची हिंमत झाली न्हाय तुम्हांला. मला बघितलं इथं उंबऱ्यावरनं, जाळाच्या उजेडात, तेच जल्मभर इकत बसलात."

महालिंगप्पा अवघडून हसला. त्याच्या तोंडावर खरंच आश्चर्य होतं. "शांता, अगं... पहिल्या सिनेमाला कंपनीकडं दिवेच कमी होते. एका अंगाला लावले की दुसऱ्या अंगाला लावायला काही उरायचं न्हाय. लोकांना ते आवडलं. मग शेठ म्हणाला, असंच करा."

हसीनाबी एवढ्या जोरात हसली, की घागरीतलं दूध सांडलं. शांताक्काचं उलथनं पहिल्यांदा थांबलं. इतकी वर्षं ती अंधाऱ्या थेटरात बसून स्वतःचं तोंड शोधत आली होती. ते तिचं नव्हतंच. दिव्यांचा तुटवडा होता. तिला त्याची कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त चीड. कढईतून जळका वास यायला लागला, तशी ती भानावर आली.

"आन् दार?" तिनं विचारलं.

"कसलं दार?"

"बाई निघून जाती, तरी दारच बघत बसलात. त्याला कुठं दिवा लागतोय?"

महालिंगप्पानं मास्तरांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "मी गेलो त्या दिवशी नाक्यापासनं मागं फिरलो होतो," तो म्हणाला. "घरापर्यंत आलो. समोरच्या लिंबाखाली उभा ऱ्हायलो. दार उघडं होतं, दारात कुणी न्हवतं. वाटलं, तू बाहेर आलीस तर जायचं न्हाय. तू आली न्हाईस."

"मी कशाला येती? कढई चढल्याली होती."

"व्हय. धूर दिसत होता."

"आन् हाक?" शांताक्काचा आवाज चढला. "तोंड शिवलं होतं का? उंबऱ्याबाहेर उभं ऱ्हाऊन नुसतं दार बघितलं? एक हाक मारायला काय झालं होतं तुम्हांला?"

तो म्हणाला, की मुंबईला चल, खोली आहे, नळ आहे. तिनं लागलेला खवा खरवडून बाजूला काढला आणि म्हणाली, "तिथं मी काय करू? तुम्ही बघणार, मी बघून घेणार. त्यापरीस माझी भट्टी बरी." तो मोटारीत बसून गेला. या वेळी ती दारात आली होती, पण ते फक्त मास्तरांच्या चपलांना पाय लागून अडखळलेल्या हसीनाबीला धरायला.

पुढं त्याचे दोनच सिनेमे आले. दिवे आता भरपूर असावेत. बाया समोरून, गोऱ्यापान, डोंगरावर गाणी म्हणणाऱ्या. लोकांनी पडद्यावर पैसे उधळले. शांताक्काला एका जागी जांभई आली. "माझं ऐकलं वाटतं," ती म्हणाली. "ऐकायची अक्कल आली, पर कशाचं ऐकावं ती न्हाय आली."

मग कंपनी बुडाली. महालिंगप्पा मुंबई सोडून बार्शीत आला आणि बाजारपेठेत फोटोचं दुकान टाकून बसला. ही संस्थानातून लोकांची सरहद्दीपलीकडं पळापळ सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. गावानं त्याला परत येडा ठरवायला एक महिनाही लावला नाही. मास्तर म्हणायला लागले, की त्याचं कामच मुळी मर्यादित होतं. ते ऐकून शांताक्का त्यांच्यासमोर थुंकली. भट्टीच्या राखेत थुंकली, पण मास्तरांना कळावं अशी.

बार्शीच्या पुढच्या बाजारी ती आणि हसीनाबी त्या दुकानावरून चालल्या होत्या. आत एक जाडजूड आडत्या तावातावानं बोलत होता. हातात नुकत्याच लग्न झालेल्या पोराचा फोटो. "निम्मं तोंड काळं आलंय! मी पैसे देणार न्हाय. परत काढा, पुरं काढा." महालिंगप्पा मान खाली घालून उभा. दिवा दुसऱ्या अंगालाही होता. शांताक्काला तो बाहेरूनच दिसला, लावलेला नव्हता.

ती खव्याची पाटी हसीनाबीच्या डोक्यावर देऊन सरळ दुकानात शिरली. आडत्याच्या हातातून फोटो घेतला, नीट बघितला.

"पुरं बघण्यासारखं हाय का हे तोंड?" तिनं आडत्याला विचारलं. "निम्मं झाकलं म्हणून तर नवरदेव वाटतोय. उपकार माना आन् पैसे मोजा."

आडत्या तिच्याकडं बघतच राहिला. खव्याची बाई म्हणून तो तिला ओळखत होता, आणि तिच्या जिभेलाही. पुटपुटत त्यानं पैसे ठेवले आणि गेला.

महालिंगप्पानं पुढं होऊन खुर्ची पुसली. "बस की, शांता."

"बसाया आली न्हाय. खवा नासंल." ती वळली, मग थांबून भिंतीवर टांगलेल्या तसबिरी एकेक बघत गेली. नवऱ्या, म्हातारे, पाळण्यातली पोरं. एक ओळ संपली, दुसरी घेतली. बाहेर हसीनाबी डोक्यावर पाटी घेऊन ताटकळत होती आणि शिव्या देत होती. महालिंगप्पा शांताक्काच्या तोंडाकडं बघत होता, परीक्षा घेणाऱ्याकडं कुणी बघावं तसा.

"वरून तिसरी बरी हाय," शांताक्का म्हणाली. "बाकी समद्या भिकार." आणि बाजाराला गेली.