परवा म्हणजे कोणता वार

जालन्याहून निघताना मुलगा म्हणाला, "आई, ऊन लय हाय, पुढच्या महिन्यात जा." म्हटलं, बाबा, हे जाणं पुढं ढकलण्यासारखं नाही. वालूरची माझी धाकटी बहीण शांता कोरोनात गेली, तिला वर्ष होत होतं. तिचं पुण्यानुमोदन (आम्हा बौद्धांत गेलेल्या माणसासाठी करतात तो विधी) होतं. त्यात तिच्या मुलाचा, मिलिंदचा फोन आलेला, "मावशी, सुजाता कायमची माहेरी जायची म्हणायलीय. तुमी समजूत घाला."

सुजाता म्हणजे शांताची सून. पोखर्णीच्या माहेरातून आजार तिनंच घरी आणला, असं आमच्या साऱ्या गोतात ठरून गेलं होतं. वर्षभर तिच्या हातचा चहा कुणी घेत नव्हतं. मीसुद्धा नाही, हे आधीच सांगते.

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले आणि चपलेचा अंगठाच तुटला. चहावाल्यानं सुतळी दिली.

"कुठं जायलात आजी?"

"वालूरला."

"मग बसा निवांत. काळीपिवळी (माणसं भरून नेणारी जीप) भरल्याबिगर हालत न्हाई. तवर चपल बी बाळंत होईल तुमची."

हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं. पुढं सेलूपर्यंत आणि तिथून वालूरपर्यंत दोन्ही अंगांना नांगरून पडलेली काळी रानं, बांधावर पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळल्या झाडांचे) ढीग, आणि तोंडावर झळ.

घरी पोचले तर दाराशी सुजाताची बॅग भरून ठेवलेली. ती आत चुलीपुढं येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं कालवण) ढवळत होती. लसणाच्या फोडणीचा वास ओसरीपर्यंत आला. शेजारची रेखा, गावची आशाताई (घरोघरी आरोग्याचं काम बघणारी), भाकरी थापत होती.

मी मोठेपणानं सुरुवात केली. "सुजाता, जाऊ दे आता. तुला तरी काय ठाऊक होतं? माहेरी दोघं आजारी, तू शुक्रवारी आलीस, रविवारी शांताला ताप आला. मुद्दाम थोडंच केलंस?"

तिचा हात थांबला. "शुक्रवारी आले, हे कोण म्हणलं?"

"शांताच की! ताप आला त्या रविवारी मी फोन केला होता. सुजाता कधी, विचारलं. तिला धाप लागलेली, एवढंच बोलली, परवा."

"मावशी," सुजाता म्हणाली, "ते पुढचं परवा होतं."

रेखा पिठाचे हात पुसत उठली आणि घरून वही घेऊन आली. तेव्हा गावात बाहेरून येणाऱ्याची नोंद तीच करायची. तिनं बोट ठेवून वाचलं. रविवार, शांताबाई, ताप. मंगळवार, सुजाता, पोखर्णीहून, सासूच्या आजारपणासाठी. म्हणजे पोरगी ताप ऐकून सेवेला आली होती.

"मी ओरडून सांगितलं समद्यांना," सुजाता म्हणाली. "पर मोठ्या मावशी म्हणल्या म्हणल्यावर माझं कोण ऐकतंय?"

रेखाचं बोट वर सरकलं आणि थांबलं. त्याच्या आधीचा सोमवार. जालन्याहून बहीण आली. बुधवारी परत.

"आजार अंगात शिरल्यावर ताप यायला बहुतेक चार-पाच दिवस लागतात," ती खाली बघत म्हणाली. "कुणाला दोन, कुणाला चौदा. नक्की कुणालाच सांगता यायचं न्हाई, मावशी."

मला सांगता येत होतं. बुधवारी घरी परतले आणि गुरुवारी मला कणकण आली. फोडणीचा वास येईना. ऊन लागलं म्हणून सोडून दिलं, तपासलंही नाही. "आणि ताप यायच्या आधी?" मी विचारलं.

"आधीचे दोन दिवस बी दुसऱ्याला लागतो."

मंगळवार, बुधवार. त्या दोन दिवसांत आम्ही बहिणी एका ताटात जेवलो होतो. काही काम नव्हतं. आठवण आली म्हणून गेले होते.

वंदना झाली, मेणबत्त्या विझल्या, तेव्हा मी सगळ्यांपुढं उभी राहिले. सुजाता तापानंतर आली, आजार बहुधा मी आणला आणि तिच्यावर आळही मीच घेतला, असं सांगितलं. मिलिंद मान खाली घालून पत्रावळी उचलत राहिला. मी तिच्या हातचा चहा मागून घेतला. तिनं दिला आणि बॅग उचलली.

सेलूपर्यंत एकाच जीपमध्ये होतो आम्ही. ती पुढं बसली, मी मागं. स्टँडवर परभणीची गाडी लागली होती.

"माझं चुकलं, बाई."

"चुकलं म्हणलात, बरं झालं. पर वर्ष गेलं की, मावशी."

"परत कधी येशील?"

ती पायरीवर थांबली. "येईन तवा वार सांगून येईन."

जालन्याला आल्यावर गोतातल्या एकेका घरी फोन लावून मंगळवार सांगितला. तिकडून बहुतेक जण "बरं" म्हणतात आणि ठेवतात. परवा हा शब्द मी आता तोंडी घेत नाही. मिलिंदचा फोन आला की आधी तेच विचारते, सुजातानं वार सांगितला का रे? अजून तरी नाही.