संबळ, गिटार आणि एक टँकर

त्या गायिकेचं गाणं कुठं लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. घरच्यांना वाटतं, मला तिचा आवाज आवडत नाही. खरं तर कॉलेजात असताना मी तिच्यासाठी वेडी होते. अंबाजोगाईच्या होस्टेलवर आम्ही मुली तिची गाणी लावून जेवत असू. संबळावर सुरुवात करायची, मधेच गिटार आणायची आणि शेवटी कव्वालीसारखी तान घ्यायची, हे तिचं खास. आमच्या गावातले म्हातारे म्हणायचे, हिनं भारुडाला पँट घातली. आम्हाला ती पँटच आवडायची.

ती आमच्याकडं, केज तालुक्यात, साखर कारखान्याच्या वर्धापनदिनाला गायला येणार असं कळलं तेव्हा मी सुट्टी नसताना घरी आले. दुष्काळाचं वर्ष होतं. ऊस नव्हता, बॉयलर थंड होता, तापलं होतं ते फक्त निवडणुकीचं वातावरण. माझे वडील कारखान्याचे संचालक. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. कारखान्याचे टँकर वाड्यावस्त्यांवर पाणी घेऊन जात, आणि कुठल्या दिवशी कुठं जायचं ते आबा ठरवत. त्यामुळं आमच्या ओसरीवर सकाळपासून माणसं असायची आणि आम्हा घरच्यांना नकळत थोडी मस्ती चढली होती. मला तर चांगलीच.

आमच्याकडं भाकरी-भांड्याला एक मावशी यायची. गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. एरवी दिवाळीनंतर घरची सगळी ऊसतोडीला जायची, त्या वर्षी लवकरच परत आली होती. तिची लेक बाळंतपणाला आलेली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भाकऱ्या थापता थापता मावशीनं सगळा हिशोब सांगितला होता. उद्या वस्तीची टँकरची पाळी, परवा बारसं. म्हणजे घर सारवून होईल, बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालता येईल, पाहुण्यांचा स्वयंपाक होईल. बाळाची आत्या जनावरं चारा छावणीत सोडून फक्त बारशापुरती येणार होती. मी सगळं ऐकलं, हसून मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कुठला ड्रेस घालायचा याचा विचार करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायिकेचा माणूस मैदान बघायला आला. मैदान म्हणजे कारखान्याचा गाडीतळ, जिथं हंगामात उसाच्या बैलगाड्या थांबतात. तिथली माती पिठासारखी झालेली. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि शांतपणे सांगितलं की मॅडमना धूळ अजिबात चालत नाही, गळा बसतो, असं असेल तर त्या स्टेजवर येणार नाहीत. सगळी मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मीच म्हणाले, टँकरनं पाणी मारा की.

आबांनी टँकरकडं पाहिलं. मग म्हणाले, "एकच टँकर हाय आज. वस्तीची पाळी हाय."

"एका दिवसानं काय होतंय, आबा? त्यांना सवय हाय."

हे वाक्य माझंच आहे. इतक्या वर्षांत मी त्याला कितीतरी निमित्तं शोधली. वय लहान होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आबांनी ऐकायला नको होतं. पण मला बारसं माहीत होतं, दिवस माहीत होता, आणि मी ते बोलले. आबांनी ड्रायव्हरला हाक मारली.

संध्याकाळी मी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले. ती आली, माइक हातात घेतला आणि खोल श्वास घेऊन म्हणाली, किती छान वास येतोय मातीचा, पाऊस झाला का इकडं? मागून कुणीतरी ओरडलं, तुमच्या पायगुणानं झाला. सगळा गाडीतळ हसला. मीही हसले.

गायली मात्र अशी की काय सांगू. शेवटी तिनं संबळ, गिटार, सगळं थांबवलं आणि नुसत्या आवाजात एक पाळणा सुरू केला. हळूहळू त्याखाली ढोलाचा ठेका आला. मागं बसलेल्या बायका आपसूक तिच्याबरोबर म्हणू लागल्या. मला रडू फुटलं. ते रडू गाण्याचं होतं, लाजेचं नव्हतं. लाज त्यानंतर वाटली; ती वेळेवर वाटली, एवढंही मी माझ्या बाजूनं सांगू शकत नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडताना स्टेजमागं उभा असलेला टँकर दिसला. त्याच्या तोटीखाली हंडा धरून मावशी बसली होती. थेंब थेंब पडत होतं. हंडा पावही भरला नव्हता. टँकर वस्तीच्या फाट्यावरून वळताना पाहून ती त्याच्या मागं चालत आली होती आणि गर्दी हटेपर्यंत थांबली होती. मला बघून तिला बरं वाटलं. तेच मला सोसलं नाही.

"ताई, उद्या लेकराला न्हाऊ घालायला पाणी न्हाई," ती म्हणाली. "कावून वळवला, कुणी वळवला, तुमच्या वडलांला इचारा की. ते न्याव करतील."

"विचारते," मी म्हणाले.

एवढंच बोलले. मी वळवला, असं म्हणायला तीन शब्दसुद्धा लागले नसते.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या मागं लागले. दुसऱ्या गावांच्या पाळ्या होत्या, ते चिडले, पण तिसऱ्या दिवशी पाळी नसताना टँकर वस्तीवर गेला. मला वाटलं, फिटलं. पण बाराव्या दिवशी बारसं झालंच नव्हतं. पाहुणे कोरड्या घरात दुपारपर्यंत बसले आणि गेले. आत्याला छावणीतली जनावरं सोडून राहता येईना, तीही गेली.

पाणी आल्यावर बारसं ठरलं तेव्हा मावशी मला बोलवायला घरी आली. आत्या नाही, तर नाव ठेवायचा मान माझा, असं तिनंच ठरवलं होतं. "तुमच्या शब्दानं टँकर आला, आख्ख्या वस्तीला ठाव हाय," ती म्हणाली. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी नवी साडी नेसून गेले.

सारवलेल्या घरात बायका गोळा झाल्या होत्या. सगळ्यांनी माझ्यासाठी जागा केली. कुणी हळदीकुंकू लावलं, कुणी माझ्या नावानं आशीर्वाद दिले. मी पाळण्यावर वाकले, बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि कुर्र केलं. रीतीप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत बुक्के मारले. पण किती हळू. हसत हसत, नुसते हात टेकवल्यासारखे. संचालकाच्या लेकीला जोरात कोण मारणार?

मी तशीच वाकून राहिले. मावशीनं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, झालं ताई, उठा आता.