आमच्या अंगठ्यांचा कागद

मालवणच्या काजूच्या कारखान्यात मी बिया फोडायला जात असे, तेव्हाची गोष्ट. टरफलातलं तेल हात जाळतं. आम्ही राख चोळून बसायचो, तरी बोटांची सालं निघत. जेवताना कढत भाताला हात लागला की डोळ्यांत पाणी यायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सरकारने नियम काढला, की बिया फोडणाऱ्या बायकांना कारखान्याच्या कामगार मानावं, हाताला लावायला गोडं तेल द्यावं, बाळंतपणाची रजा द्यावी. मालक त्याविरुद्ध मुंबईच्या हायकोर्टात गेला.

कारखान्याचे कारकून माझे चुलतकाका. मला मराठी लिहा-वाचायला शिकवलं ते त्यांनीच. एका दुपारी त्यांनी इंग्रजीत टाईप केलेला कागद पुढे केला.

"काका, ह्यो कसलो कागद?"

"तुमका नियम व्हयो, असां कोर्टाक सांगूचां आसा. बायलांचे अंगठे घे. तुझां आयकतीत."

आम्हाला नियम हवा असं त्यात लिहिलंय, म्हटल्यावर बायकांनी ऐकलंच. अठ्ठावीस जणींचे अंगठे मी स्वतः धरून उमटवले. दोघी-तिघी मागे सरल्या, तर मीच म्हटलं, "माझ्या काकांनी दिल्लो आसा, भिया नकात." खाली माझी वळणदार सही.

निकाल लागला. नियम आमच्या कारखान्याला लागू नाही. लेबर इन्स्पेक्टर आले, त्यांनी मालकाने कोर्टात दिलेला आमच्या अंगठ्यांचा कागद मराठीत वाचून दाखवला: आम्ही मर्जीने येतो, मर्जीने जातो, आम्ही कामगार नाही.

"ही सही तुमचीच ना?" त्यांनी मला विचारलं.

तशीच काकांकडे गेले. ते ओटीवर पान लावत होते.

"काका, तुमी माका फसयल्यात?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुका इंग्रजी वाचूक येयना, ह्यो माझो गुन्हो काय गो?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या बायकांसमोर खरं सांगितलं, की कागदात काय आहे ते न कळताच मी अंगठे घेतले. माझ्या शेजारी बसणारी गरोदर होती. तिने पाट उचलला आणि दूर जाऊन बसली. पुढे ती बाळंत झाली, तेव्हा मालकाने तिच्या जागी दुसरी घेतली. मी बाळाला बघायला गेले, तर तिच्या सासूने दारातूनच परत पाठवलं.

इन्स्पेक्टरांना मी जबानी दिली. ते म्हणाले, "निकाल लागून गेला, आता फार उशीर झाला."

काका आमच्या घरी पूर्वीसारखेच येत राहिले. वडील मला चहा करायला सांगत, आणि मी करत असे.