कैलासवासी ज्ञानेश

ज्ञानेश केंद्रेला आम्ही खोलीतली पोरं चार वर्षं कैलासवासी म्हणायचो. हे नाव मीच पाडलं होतं. "कैलासवासी, मीठ सरकवा इकडं." "कैलासवासी, फोन वाजतोय तुमचा, यमाचा असंल." तो मीठ सरकवायचा आणि हसायचा. ते हसू जरा मागून यायचं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

मस्करीला कारण होतं. चऱ्होलीच्या बाजूला, जिथं आमच्या चाकणच्या कंपनीची बस थांबते, तिथं काळा दगड उभा आहे. त्यावर नऊ नावं. वरून पाचवं नाव ज्ञानेश तुकाराम केंद्रे. आणि हा ज्ञानेश रोज सकाळी त्याच दगडाला टेकून, गालात तंबाखू धरून, पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघायचा.

पाच वर्षांपूर्वी त्या थांब्यावर कुणीतरी जेवणाचा डबा ठेवून गेलं, आत बॉम्ब. थांब्यावर डबा दिसला तर कोण संशय घेतो, राव? सगळ्यांच्याच हातात डबे. ठेवणारे चौघं निघाले आपल्याच राज्यातले, आपल्यासारखेच सरकारी शाळेत शिकलेले. कशासाठी केलं, त्याच्या तारखा कोर्टात अजून पडतात. शेजारच्या गॅरेजवाल्या जहीरभाईनं जखमींना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. नंतर त्यालाच दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. तरी दर सोमवारी दगड धुतो तोच.

त्या दिवशी ज्ञानेश थांब्यावर नव्हताच. तो अहमदपूरला, बहिणीच्या, वर्षालीच्या लग्नात मांडव घालत होता. ठेकेदाराच्या पोरांना सात महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात. आमच्या खोलीतला समाधान मुसळे तेव्हा ब्रेकवर होता. ज्ञानेशची हजेरी तुटू नये आणि समाधानला आठवडाभर काम मिळावं, म्हणून ज्ञानेशनं आपला गेटपास त्याला दिला. असं सगळेच करतात. पासवरच्या फोटोत आम्ही सगळे सारखेच दिसतो, घाबरलेले.

समाधान पाच दिवस ज्ञानेश होऊन कामाला गेला. सहाव्या दिवशी बस यायच्या आधी डबा फुटला.

सरकारी कागदावर समाधानचंच नाव आलं, कारण मायनं त्याला ओळखलं. पण दगड कंपनीचा. साहेबांनी सापडलेल्या पासांवरून यादी केली आणि महिन्याच्या आत दगड उभा केला. ठेकेदारानं ज्ञानेशला नव्या नंबरचा पास काढून दिला आणि सांगितलं, "दगडाचं बोललास तर चौकशी लागंल. मग तू बी घरी, मी बी घरी." आम्हीही तेच सांगितलं. साहेबांना ठेकेदाराची तीनशे पोरं म्हणजे तीनशे नंबर. एक नंबर मेला आणि दुसरा आला, कुणाला पत्ता नाही.

दर वर्षी त्या तारखेला आम्ही खोलीच्या गल्लीत फ्लेक्स लावायचो. त्यावर फोटो समाधानचा आणि खाली शोकाकुल म्हणून आमची नावं, त्यात ज्ञानेशचंही. म्हणजे गडी दगडावर मेलेला आणि फ्लेक्सवर रडणारा. यावरही मी विनोद केला होता.

मग थांब्यावर, दगडापुढं, साहेब माइकवरून एकेक नाव वाचायचे. ज्याचं नाव, त्याच्या घरचं माणूस पुढं येऊन फूल वाहायचं. पाचवं नाव आलं की समाधानची माय, अंबूबाई, पदर सावरत पुढं जायची. साहेब तिला नमस्कार करायचे. केंद्रेची आई, असं त्यांना वाटायचं. चार वर्षं ती दुसऱ्याच्या नावाला उठली.

यंदा ती आदल्या दिवशीच आली. आमच्या खोलीत भाकरी थापत होती. पुढच्या महिन्यात ज्ञानेश परमनंट होणार होता, म्हणून मी पार्टी मागत होतो. मध्येच ती म्हणाली, "ज्ञाना, उद्या म्या न्हाई उठणार फूल घेऊन."

"का गं माय?"

"जित्या लेकराच्या नावानं फूल वाहू न्हाई. चार साल वाहिलं, लई झालं. तुझ्या मायला कळलं तर काय म्हणंल ती?" तिनं भाकरी उलटली. "आन माझ्या समाधानला तर कुणी हाकच मारीना."

ज्ञानेश जेवला नाही. मी म्हटलं, "कैलासवासी, उपास का?" कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाचवं नाव वाचलं. अंबूबाई जहीरभाईनं दिलेल्या खुर्चीत बसून राहिली. साहेबांनी पुन्हा वाचलं. माझ्या शेजारून ज्ञानेश उठला. मी त्याचा शर्ट धरला. "एक महिना राहिलाय भावा, खाली बस." त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

"साहेब, ज्ञानेश केंद्रे मीच," तो म्हणाला. "त्या दिवशी माझ्या पासवर समाधान मुसळे आला होता. पास मी दिला होता."

साहेबांनी दगडाकडं बघितलं, मग त्याच्या गळ्यातल्या कार्डाकडं.

अंबूबाई हळू म्हणाली, "कशाला बोललास रे, लेकरा."

पास त्याच दिवशी काढून घेतला. आता तो जहीरभाईकडं पंक्चर काढतो. दगडाच्या बाबतीतही कंपनीनं घाई केली. दीड महिन्यात माणूस आला आणि पाचवी ओळ ग्राइंडरनं घासून गेला. खोटं नाव गेलं. खरं मात्र घातलं नाही. पत्र आलं: सदर व्यक्ती त्या तारखेस कामावर नव्हती.

ब्रेक होता ना.

मागच्या सोमवारी मी थांब्यावर होतो. ज्ञानेश बादली घेऊन दगड धूत होता, तेवढ्यात अंबूबाईचा फोन आला. हात ओले म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"ज्ञाना, लिवलं का रं नाव?"

तो घासलेल्या ओळीकडं बघत राहिला. मी मान हलवली, खरं सांगू नको म्हणून.

"व्हय माय, लिवलंय."

"मला कुठं वाचता येतंय. तू वाचून दाखीव."

त्यानं त्या करड्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडं नेत वाचलं, "समाधान माणिक मुसळे."

मग ती म्हणाली, "मोठ्यानं वाच."

त्यानं मोठ्यानं वाचलं. थांब्यावरची पोरं वळून बघायला लागली. बस आली, दार उघडलं, पण कुणी चढेना.

"आनी एकदा," ती म्हणाली.